झाडं लावायच्या आधी पंपहाऊसचं बिल बघा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या एका तरुण मंडळाच्या पोरांनी मला विचारलंय. ते दहा-बारा जण आहेत, दरवर्षी ५ जूनला झाडं लावतात, कापडी पिशव्या वाटतात, मागच्या वर्षी सायकल रॅली पण काढली, फोटो झकास आले, पण आता त्यांनाच वाटायला लागलंय की ह्यानं खरंच काय होतंय का. आपल्यासारख्या लहान गावानं क्लायमेट चेंजसाठी नेमकं करायचं काय, सुरुवात कुठून करायची आणि नगर पंचायत आपलं ऐकणार का, असे तीन प्रश्न.

आधीच सांगतो, मी पर्यावरणवाला नव्हे. मी पाणीपुरवठ्यातला माणूस. ज्युनिअर इंजिनियर म्हणून लागलो आणि तीसेक वर्षं बेळगाव जिल्ह्यातल्या लहान लहान गावांचे पंप, टाक्या, पाइपलाइन हेच केलं, शेवटी शेवटी कचरा आणि रस्त्यावरचे दिवे पण माझ्याच गळ्यात आले कारण लहान गावात इंजिनियर एकच असतोय आणि जे काम कुणाचंच नसतंय ते त्याचं. त्यामुळं मी जे सांगणार ते सगळं पाइप, बिलं आणि गटारं ह्यातनंच येणार, चालवून घ्या.

खानापूरनं काही केलं म्हणून जगाचं तापमान खाली येणार नाही. हे एकदा मान्य करून टाका म्हणजे डोकं मोकळं होतंय. पण तापमान वाढलं की त्याचा मार मात्र आपल्याला बसणारच आहे, आणि तो बसायला लागलाय. ऑगस्ट २०१९ आठवा. मलप्रभा कुठवर आली होती ते तुम्ही बघितलंय, तिकडं निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचं पाणी हायवेवर आलं आणि पुणे-बेंगळूर रस्ता बंद पडला, गाड्यांच्या रांगा. आणि २०२३ च्या जूनमधे? पाऊस लांबला, बेळगावला पाणी देणाऱ्या राकसकोप जलाशयाचा तळ दिसायला लागला, पुढं त्याच वर्षी कर्नाटकातल्या २३६ पैकी २२३ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. चार वर्षांत दोन्ही टोकं बघून झाली. तर लहान गावाचं क्लायमेटचं काम म्हणजे मुख्यतः हेच, की पाणी जास्त आलं तरी आणि नाही आलं तरी गाव चालू राहिलं पाहिजे, आणि ते करताना वीज, डिझेल, पैसा कमी जळला पाहिजे. ह्या दोन गोष्टी वेगवेगळ्या वाटतात पण बऱ्याच वेळा एकाच खोलीत सापडतात. त्या खोलीचं नाव पंपहाऊस.

लहान गावाच्या नगर पंचायतीचं सगळ्यात मोठं वीजबिल कशाचं असतंय विचारा. लोक म्हणतात रस्त्यावरचे दिवे. दिवे दिसतात म्हणून तसं वाटतंय. खरं बिल पाणी उचलायचं असतंय, नदीपासून फिल्टरहाऊस, तिथनं टेकडीवरची टाकी. आता साधा हिशोब करू. १ हजार लिटर पाणी १०० मीटर उंच चढवायला, कुठंच तोटा होत नाही असं धरलं तर ०.२७ युनिट वीज लागते. प्रत्यक्षात मोटर आणि पंप मिळून ६० टक्के एफिशिअन्सी मिळाली तरी चांगलंच म्हणायचं, म्हणजे ०.४५ युनिट. आणि पंप जुना झालेला असंल, इंपेलर (आतलं पाणी ढकलणारं चाक) झिजलेला असंल, तर एफिशिअन्सी ४० वर येते आणि तेच पाणी चढवायला ०.६८ युनिट जातात. आता उदाहरणाला दिवसाला ३० लाख लिटर उचलणारं एक गाव धरा (खानापूरचा आकडा नव्हे, हिशोबाला सोपा म्हणून घेतलाय). चांगल्या पंपाला १३६० युनिट, झिजलेल्या पंपाला २०४० युनिट. दिवसाला ६८० युनिटचा फरक, वर्षाला अडीच लाख युनिटच्या आसपास. आपल्या देशातल्या ग्रिडमधल्या एका युनिटमागं साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातोय, म्हणजे एकट्या झिजलेल्या पंपापायी वर्षाला पावणेदोनशे टनाच्या घरात. एवढा कार्बन शोषायला किती झाडं आणि किती वर्षं लागतील ते तुम्हीच काढा, आणि ती झाडं जगली तर.

मग पंप झिजलाय हे कळायचं कसं? ह्याला कन्सल्टंट लागत नाही. टाकीची लांबी-रुंदी माहीत असते. आउटलेटचा व्हॉल्व्ह बंद करायचा, एका दांडीवर खडूनं खुणा करून टाकीतली पातळी मोजायची, तासभर पंप चालवायचा, परत मोजायची. किती पाणी आलं ते निघालं. त्याच तासात मीटरवर किती युनिट पडले ते लिहायचं. पंपाच्या तोंडाशी प्रेशर गेज असतंय, त्याच्यावर १ किलो म्हणजे १० मीटर उंची. (गेज बऱ्याच ठिकाणी मेलेलं असतंय, काटा वर्षानुवर्षं एकाच जागी, तेवढं नवीन बसवून घ्या, काही शेकड्यांत येतं.) ह्या तीन आकड्यांवरनं एफिशिअन्सी निघते, बारावी सायन्सचं पोरगं काढतंय. मी हे कित्येक गावांत केलंय आणि प्रत्येक वेळी ऑपरेटरचं पहिलं वाक्य ठरलेलं, "सर पंप एकदम चांगला हाय, आवाज बघा की कसा गोड येतोय."

गळतीचं तर अजूनच. १०० लिटर उचलले आणि ३० वाटेत मुरले तर त्या ३० लिटरची वीज पण मुरली, क्लोरीन पण मुरलं, आणि ते पाणी नदीतनं उन्हाळ्यात काढलेलं असतंय, जेव्हा बंधाऱ्याला फळ्या टाकून थेंब थेंब राखून ठेवावा लागतोय. गळती शोधायची मशीनं असतात, महाग असतात, चालवणारा नसतोय. मी शिकलो ते एका म्हाताऱ्या वॉलमनकडनं, म्हणजे गल्लीगल्लीतले पाण्याचे व्हॉल्व्ह सोडणाऱ्या माणसाकडनं. रात्री दोन वाजता, रस्ता शांत झाला की तो निघायचा. हातात चारेक फुटाची लोखंडी सळी. व्हॉल्व्हच्या चेंबरचं झाकण सरकवायचं, सळीचं एक टोक व्हॉल्व्हच्या स्पिंडलवर टेकवायचं आणि दुसरं टोक कानामागच्या हाडाला, डोळे मिटून उभा. गळती नसंल तर काहीच ऐकू येत नाही. गळती असली की एक बारीक, न थांबणारी सळसळ येते, चुलीवर दूध उतू जायच्या आधी पातेल्यातनं येते ना तशी. मग पुढच्या चेंबरला, परत सळी. दोन चेंबरमधे ज्या बाजूला आवाज मोठा त्या बाजूला खडूचा फुल्ली मार्क, सकाळी माणसं येऊन खणायची. एका रात्रीत त्यानं मला एकाच गल्लीत पाच जागा दाखवल्या, त्यातल्या चार बरोबर निघाल्या आणि पाचव्या ठिकाणी एका घराचं चोरून घेतलेलं कनेक्शन निघालं, ते पण गळतीच म्हणा. तो रिटायर झाला आणि त्याच्याबरोबर ते कान पण गेले, त्याच्या जागी आलेल्या कॉन्ट्रॅक्टवरच्या पोराला कुणी सळी हातात दिलीच नाही.

म्हणून माझं पहिलं सांगणं, तुमच्या मंडळानं नगर पंचायतीकडनं पाणीपुरवठ्याची मागच्या बारा महिन्यांची हेस्कॉमची, म्हणजे आपल्याकडच्या वीज कंपनीची, बिलं मागून घ्यावीत. भांडायला जाऊ नका, मदत करतो म्हणून जा, नाहीच दिली तर माहिती अधिकारात मिळतात. बिलात तीन गोष्टी बघा. युनिट, पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतली किती खरंच कामाला लागते त्याचं माप) आणि मंजूर डिमांड (एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढणार त्याचा कंपनीशी ठरलेला आकडा). पॉवर फॅक्टर पडला की दंड लागतोय, आणि तो कपॅसिटर बदलून जातोय, कपॅसिटर फुगून पडलेला असतोय आणि पॅनलचं दार कुणी उघडत नाही. मंजूर डिमांड गरजेपेक्षा जास्त घेऊन ठेवली असंल तर वापरा नाहीतर नका वापरू, तिच्या ठराविक टक्क्यांवर पैसे भरावेच लागतात. दोन्ही सुधारायला कागद आणि थोडी पायपीट पुरते. ह्यात वाचलेला पैसा दाखवलात की पुढं तुमचं ऐकतील. क्लायमेट म्हटलं की मेंबर लोक जांभई देतात, बिल म्हटलं की सरळ बसतात.

दिव्यांचं लवकर आटपतो. सोडियम काढून एलईडी लावले की निम्म्याहून जास्त वीज वाचते, बहुतेक गावांनी ते केलंय. राहिलंय ते दिवसा जळणारे दिवे. १ हजार दिवे २५ वॅटचे, रोज दोन तास जास्त जळले तर ५० युनिट. टायमरचं घड्याळ वर्षातनं दोनदा सीझनप्रमाणं लावायचं असतंय, कोण लावतंय? तुम्ही लावा, किंवा सकाळी फिरायला जाता तेव्हा जळणाऱ्या खांबांचे नंबर लिहून आणा.

सोलर. इथं मी स्वतः हात भाजून घेतलेत म्हणून जरा सविस्तर. एका गावात (नाव नको) आम्ही पंपहाऊसच्या छतावर मोठ्या हौसेनं पॅनल बसवले, उद्घाटन झालं, नारळ फुटला. पहिलं वर्ष चांगलं गेलं. दुसऱ्या उन्हाळ्यात शेजारच्या रस्त्याचं काम निघालं, लाल मातीचा थर बसला, पुसणार कोण? ऑपरेटर म्हणतो माझ्या ऑर्डरमधे नाही, सफाईवाला म्हणतो शिडी नाही. मे महिन्यात वळवाच्या पावसात वीज पडली आणि इन्व्हर्टर गेला, अर्थिंग नीट नव्हतं, वॉरंटीच्या कागदावर वीज पडणं वगळलेलं होतं हे तेव्हा वाचलं. मी सही केली होती त्या कागदावर, दुसऱ्याला काय बोलू. आता ते पॅनल तिथंच आहेत आणि त्यांच्या सावलीत ऑपरेटरची मोटरसायकल. पॅनल वाईट नव्हते. आम्ही वस्तू विकत घेतली आणि तिची राखण विकत घ्यायला विसरलो. त्यामुळं आता कुणी सोलरचा ठराव घेऊन आलं की मी विचारतो, पुसणार कोण, त्याला महिन्याला किती देणार आणि ते कुठल्या हेडमधनं.

घरांवरच्या सोलरचं आपल्या राज्यात अजून एक त्रांगडं आहे. २०२३ पासून गृहज्योती आली, २०० युनिटच्या आत बसणाऱ्या घरांना त्यांच्या ठरलेल्या सरासरीपर्यंत शून्य बिल. गरिबाला दिलासा मिळाला हे खरंच, त्याबद्दल तक्रार नाही. पण तुम्ही दारोदार सोलर घ्या म्हणून सांगत फिरलात तर पहिला प्रश्न हाच येणार की बिलच येत नाही तर कशाला? बरोबर आहे त्यांचं. म्हणून सगळ्या गावाला सांगत बसू नका. ज्यांचा वापर २०० च्या वर जातोय त्यांना पूर्ण बिल भरावं लागतंय, अशी घरं शोधा, त्यांना केंद्राच्या सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजार सबसिडी मिळते. पिठाची गिरणी, मंगल कार्यालय, खाजगी दवाखाना, कोल्डड्रिंकची दुकानं, ह्यांना घरगुती सबसिडी नाही पण दर जास्त असल्यामुळं हिशोब जमतोय. आधी बिल बघायचं, मग माणसाला भेटायचं.

आता माझा आवडता विषय, विहिरी. खानापूर तालुक्याची गंमत बघा, कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, तिथं पावसाचं माप हजारो मिलीमीटरमधे, आणि त्याच नदीत खानापूरला एप्रिल-मेमधे डबकी. पाणी येतंय आणि निघून जातंय. आणि गावात प्रत्येक जुन्या वाड्यात, देवळाच्या मागं, तिकटीवर एकेक विहीर आहे, त्यातल्या निम्म्या कचऱ्यानं भरलेल्या, काहींवर स्लॅब टाकून दुकान. बेळगाव शहरात १९९० च्या दशकात पाण्याची टंचाई पडली तेव्हा जुन्या विहिरी उपसून, गाळ काढून, पंप बसवून परत पुरवठ्याला जोडल्या. १९२४ ला गांधीजी अध्यक्ष होते त्या काँग्रेस अधिवेशनासाठी खोदलेली टिळकवाडीतली काँग्रेस विहीर पण त्यात आहे. शंभर वर्षं झाली, विहीर आहे. त्याच्या निम्म्या वयाच्या किती बोअर जिवंत आहेत सांगा.

विहीर घ्यायची का नाही हे ठरवायची पण साधी रीत आहे. उन्हाळ्यात, एप्रिलच्या शेवटी, पंप लावून पाणी एक-दीड मीटर खाली उतरवायचं. मग पंप बंद. दोरीला दगड बांधून, दोरीवर फुटाफुटाला गाठी मारून, दर अर्ध्या तासाला पातळी मोजत बसायचं, वहीत लिहायचं. समजा ५ मीटर व्यासाची विहीर आहे आणि पाणी १ मीटर परत चढायला ६ तास लागले. ५ मीटर व्यासाचं क्षेत्रफळ साडेएकोणीस चौरस मीटर, म्हणजे ६ तासांत १९ हजार ६०० लिटर आलं. भुयारी गटार नसलेल्या गावाला माणशी ७० लिटर धरतात, त्या हिशोबानं एवढ्यात २८० माणसं झाली, आणि दिवसातनं दोनदा उपसता आली तर दुप्पट. तेही नदीपासून टेकडीवर न चढवता, गल्लीतल्या गल्लीत. पिण्याला नाही वापरलं तरी धुणं, भांडी, जनावरं, बांधकाम ह्याला चालतंय, तेवढं नळाचं पाणी वाचलं.

मात्र गाळ काढायला पोरं उतरवायची घाई करू नका. बरीच वर्षं बंद असलेल्या विहिरीत तळाला हवा नसते. आधी पेटता कंदील दोरीनं सोडायचा, विझला तर कुणी उतरायचं नाही, न विझला तरी दुसरा गॅस असू शकतोय म्हणून तासभर ब्लोअर लावून हवा सोडायची, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर दोन माणसं. मोबाईल खिशात ठेवून रील करायला उतरलेली पोरं मी बघितलीत.

आणि उपसलेल्या विहिरीत शेजारच्या छपराचं पाणी सोडा. १ चौरस मीटर छपरावर १ मिलीमीटर पाऊस म्हणजे १ लिटर. शंभर चौरस मीटरचं छप्पर आणि १३०० मिलीमीटर पाऊस धरला, वाया जाणारं सोडलं तर लाखभर लिटर. शाळेच्या छपराचं किती ते तुम्ही काढा. मधे वाळू-खडीचा फिल्टर, आणि पहिल्या दोन-तीन पावसांचं घाण पाणी बाहेर काढायला पाइपला एक वेगळं तोंड, एवढं विसरू नका. छपराचा विषय निघाला म्हणून सांगतो, खानापूरची माती आणि खानापूरची कौलं एकेकाळी लांब लांब जायची, आता खानापुरातच लोक कौलं उतरवून पत्रा आणि स्लॅब घालतायत आणि मग मार्चपासून कूलर. स्लॅब घातलाच असंल तर वर मार्चमधे चुन्याचे दोन हात मारा, थोडा फेविकॉल घालून, म्हणजे निघत नाही. खालच्या खोलीत फरक जाणवतोय.

कचरा. ह्यावर बोलायला बसलो तर रात्र होईल. आपल्या गावांतला निम्म्याहून जास्त कचरा ओला असतोय, आणि तो ढिगात दाबून पडला की आतनं मिथेन निघतोय, जो शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडपेक्षा २८ पट तापवतोय. ढीग पेटतोय तो पण बऱ्याचदा ह्याच्यामुळंच, आणि मग धुरानं सगळा वॉर्ड खोकतोय. ह्याच्यावर एका गावात आम्ही ओला कचरा चोवीस तासात खत करणारी मशीन आणली होती. चोवीस तासात खत होत नाही हो. कचरा वाळतोय, चुरा होतोय आणि त्याला खत म्हणतात. कुंडीत घातलं की वास मारतंय, रोप मरतंय. आणि मशीन तापवायला वीज, म्हणजे कचऱ्याचा कार्बन वाचवायला कोळशाचा कार्बन जाळला. पुढं ती मशीन बंद पडली, आणि मला खरं सांगायचं तर बरं वाटलं.

त्यापेक्षा साधा ढीग. कमरेएवढा उंच, वर शेड, खाली फरशी उताराची. गावाचा सगळा कचरा घेऊन सुरू करूच नका, आठवडी बाजार, भाजी मार्केट आणि हॉटेलं एवढंच घ्या, तिथला ओला कचरा आपोआप वेगळा असतोय. चिकट ओल्या कचऱ्यात कोरडं पाहिजे, आपल्याकडं भाताचं तूस आणि पिंजर भरपूर, राइस मिलवाला तूस देतोय. मुठीत घेऊन पिळलं की दोन-चार थेंब पडले पाहिजेत, धार लागली तर तूस घाला, काहीच पडलं नाही तर पाणी मारा. ढिगात लोखंडी सळी खुपसून पाच मिनिटांनी काढायची, हातात धरवली नाही म्हणजे ढीग शिजतोय, कोमट निघाली तर उलटवायची वेळ झाली. दोन-अडीच महिने लागतात. वास आला तर ओल जास्त आहे किंवा हवा नाही, तिसरं कारण मी अजून बघितलेलं नाही.

लोक कचरा वेगळा का देत नाहीत? गाडीवाला एकत्र टाकतोय म्हणून. हे एवढंच कारण आहे, लोकांना दोष देऊ नका. गाडीत आधी पत्रा मारून दोन खाने करा, मग गल्लीत सांगायला जा. आणि सांगायचं ते कन्नड आणि मराठी दोन्हीत सांगा. हे मी राजकारणासाठी बोलत नाही, त्यात पडायचं माझं वय गेलं. म्हातारी बाई दारात येते, गाडीवरचा स्पीकर कन्नडमधे काय तरी बोलत पुढं जातोय आणि तिला सुका म्हणजे कुठला डबा हे कळतच नाही, तर ती दोन्ही एकातच देणार की. एका वॉर्डात आम्ही स्त्रीशक्ती संघाच्या (बचत गटाच्या) बायकांना गाडीबरोबर चालायला लावलं, त्या दारात उभ्या राहून जी भाषा समोरची बोलेल त्या भाषेत सांगायच्या, महिनाभरात निम्मी घरं वेगळं द्यायला लागली. त्यांना मानधन दोन महिने उशिरा मिळालं आणि त्यांनी यायचं बंद केलं. परत सगळं एकत्र.

मलप्रभेबद्दल एकच सांगतो. गटार नसलेल्या गावात प्रत्येक घराचा सेप्टिक टँक आणि त्याचं पाणी उघड्या गटारीत, गटार नाल्यात, नाला नदीत. हीच नदी पुढं सौंदत्तीला नवीलतीर्थ धरणात जाते आणि तिथनं हुबळी-धारवाडला पिण्याला. सेप्टिक टँक दोन-तीन वर्षांनी उपसायचा असतोय, लोक तुंबल्याशिवाय टँकर बोलवत नाहीत, तोपर्यंत गाळ सरळ बाहेर जातोय आणि टाकीत मिथेन तयार होतोय तो वेगळाच. आणि टँकरवाला उपसून नेऊन कुठं ओततोय ते कधी बघितलंय? एकदा त्याच्या मागं मोटरसायकल घेऊन जा. त्या गाळाची व्यवस्था लहान गावाला परवडते, आपल्याच राज्यात देवनहळ्ळीला २०१५ पासून असा प्रकल्प चालू आहे. सेप्टिक टँक साफ करायला सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस उतरवणं मात्र २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे, कुणी कमी पैशात करून देतो म्हणाला तरी नको.

झाडं लावू नका असं मी म्हणत नाही. लावा, पण कमी लावा आणि बसस्टॉप, बाजार, दवाखान्याचं दार, जिथं माणूस उन्हात थांबतोय तिथं लावा. करंज, जांभूळ, वड. बायकांना बस फुकट करणाऱ्या शक्ती योजनेपासून बसला बायकांची गर्दी वाढलीय, बेळगावच्या गाडीची वाट बघत पोराला कडेवर घेऊन उन्हात उभ्या असतात, तिथं एक करंज जगवलात तर ते शंभर रोपांच्या फोटोपेक्षा बरं. आणि रस्ता करताना कॉन्ट्रॅक्टर झाडाच्या बुंध्यापर्यंत काँक्रीट आणतोय ते थांबवा, दोन-तीन फूट माती मोकळी ठेवायला सांगा.

राहिला पैशाचा आणि ऐकण्याचा प्रश्न. पैसा अगदीच नसतो असं नव्हे. १५ व्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ च्या पैशात आपल्यासारख्या गावांना ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेलाच बांधून दिलेली होती, पावसाचं पाणी साठवणं त्यातच बसत होतं. पैसा दुसरीकडं जातोय कारण मार्च जवळ आला की तयार एस्टिमेट फक्त गटारीच्या स्लॅबचं असतंय. बजेटच्या आधी, नोव्हेंबर-डिसेंबरमधे, दोन पानांचा कागद घेऊन जा, कन्नडमधे टाइप करून, खाली मराठी. त्यात मागणी एकच ठेवा. दहा मागण्या केल्या की साहेब म्हणतात बघू, एक केली की त्यांना हो किंवा नाही म्हणावं लागतंय. पहिल्या वर्षी पंपाची टेस्ट आणि कपॅसिटर एवढंच मागा. दुसऱ्या वर्षी एक विहीर. चीफ ऑफिसर बदलला की सगळं परत पहिल्यापासून सांगावं लागतंय, ते धरूनच चाला, आणि वॉलमनशी दोस्ती ठेवा कारण त्याची बदली सहसा होत नाही.

बिलं मिळाली की झेरॉक्स घेऊन या, सोबत टाकीचं माप आणि मीटरच्या रीडिंगची वही पण आणा. ओरिजिनल मागू नका, क्लार्क देणार नाही. येताना त्या वॉलमन पोराला पण घेऊन या, माझ्याकडं एक सळी आहे ती त्याला द्यायचीय.